नौकेची गळती : निदान व डागडुजी यांच्या इतिहासाविषयी

नौकानयनावरील इतिहासग्रंथांत जहाजांचे जलावतरण, त्यांची वजने, त्यांवरील तोफा आणि त्यांतून जाणारा माल यांविषयी विपुल माहिती सापडते. परंतु त्यांच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याविषयी क्वचितच काही लिहिलेले आढळते. वास्तविक लाकडी नौका म्हटली की ती थोडीफार गळणारच. फळ्या अनेक, त्यांचे सांधे अनेक, आणि लाकूड तर उन्हात आक्रसणारे व पाण्यात फुगणारे. म्हणून नौका बांधण्यास जेवढे कौशल्य लागते तेवढेच, किंबहुना त्याहून अधिक, कौशल्य तिच्यात शिरणारे पाणी नेमके कोठून येते हे ओळखण्यास आणि ती वाट बंद करण्यास लागते. हे कौशल्य ज्यांच्या हाती होते ते सुतार, खलाशी व तांडेल लिहिणारे नव्हते. जे लिहिणारे होते ते बहुधा उतारू होते, आणि गळतीशी उतारूचा संबंध मुख्यतः भीतीचा असतो.

या विषमतेचा परिणाम इतिहासलेखनावर झालेला आहे. हिंदी महासागरातील शिवलेल्या नौका, म्हणजे लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या एकमेकींस शिवून केलेल्या नौका, कच्च्या व मागासलेल्या होत्या, हा समज दीर्घकाळ रूढ आहे. त्याचा आधार पाहू गेल्यास तो बव्हंशी उतारूंच्या साक्षीवर उभा असल्याचे दिसून येते. ही साक्ष खोटी नाही. पण तिने विचारलेला प्रश्न अपुरा आहे. नौका गळते काय, हा एक प्रश्न झाला. गळती सापडते काय, आणि सापडल्यावर ती कोणाला, कोठे व कोणत्या साहित्याने बुजविता येते, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निर्णय करता येत नाही, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्रथम साक्षी पाहू. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात इराणी आखाताच्या परिसरातून अरबस्तानाकडे पाठविल्या जाणाऱ्या शिवलेल्या नौकांचा उल्लेख असून त्यांना तेथे ‘मदरात’ असे म्हटले आहे. हा शब्द ताडाच्या वा माडाच्या तंतूंनी बांधलेले या अर्थाच्या अरबी शब्दाचे ग्रीक रूप असावे, असे मत मांडले गेले आहे आणि ते ग्राह्य वाटते. सहाव्या शतकात बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस याने हिंदुस्थानच्या व या समुद्रातील इतर नौकांविषयी लिहिले, की त्यांस डांबर लावीत नाहीत आणि त्यांच्या फळ्या खिळ्यांनी न जोडता दोरांनी बांधतात. याचे कारण म्हणून समुद्रातील चुंबकीय खडक लोखंड ओढून घेतात, अशी एक लोककथा त्या काळी प्रचलित होती. प्रोकोपियस ती फेटाळतो. रोमन जहाजांत पुष्कळ लोखंड असते व तरीही ती या समुद्रात सुखरूप फिरतात, हा त्याचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण पुढे तो स्वतःचे जे कारण देतो ते लोककथेहूनही दुबळे आहे : हिंदी लोकांपाशी लोखंडच नाही, असे तो सांगतो. प्रोकोपियसच्या जन्मापूर्वीच ज्या देशात आज दिल्लीस उभा असलेला लोहस्तंभ घडविला गेला होता, त्या देशाविषयी हे विधान आहे.

मौज अशी की चुंबकाची कथा आपल्याकडील ग्रंथांतही आली आहे. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात समुद्रगामी नौकेच्या फळ्यांच्या जोडणीत लोखंड वापरू नये, कारण समुद्रातील लोहचुंबक ते ओढून घेईल, असा इशारा आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी नौकानयनाच्या इतिहासामुळे हा उल्लेख अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. ग्रंथकाराला मिळाला तो कारागिराचा निर्बंध. त्यामागचे कारण मात्र त्याच्यापर्यंत पोहोचले नसावे. निर्बंध खरा आणि कारण काल्पनिक, अशी उदाहरणे शास्त्रग्रंथांत थोडी नाहीत.

तेराव्या व चौदाव्या शतकांतील ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या साक्षी अधिक बोलक्या आहेत. चीनकडे जाताना हिंदुस्थानात थांबलेल्या माँटेकॉर्व्हिनोच्या जॉनने १२९२ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात येथील नौका फार नाजूक असून कपड्यासारख्या शिवलेल्या असतात, दोरी तुटली की भगदाडच पडते, असे सांगितले आहे. १३२१ साली ठाणे येथे मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रकरणामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात ज्याचे नाव येते, तो जॉर्डानस याच नौकांविषयी लिहितो, की त्या पुष्कळ मोठ्या असल्या तरी त्यांवर तक्तपोशी नसते, आणि पाणी इतके शिरते की माणसांना बहुतेक सर्व वेळ डबक्यात उभे राहून ते उपसावे लागते. मार्को पोलोने हुर्मुझच्या नौकांविषयी असाच प्रतिकूल अभिप्राय दिला आहे. त्यांतील पुष्कळ बुडतात, असे तो म्हणतो.

या तिन्ही साक्षी एकत्र ठेवल्या म्हणजे शिवलेली नौका ही दयनीय वस्तू ठरते. परंतु जॉनच्याच पत्रात पुढे एक वाक्य आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. समुद्रावर जावयाचे असेल तर वर्षातून एकदा या नौकांची कमीअधिक डागडुजी केली जाते, असे तो नोंदवितो. त्याला हे न्यून वाटले. पश्चिम किनाऱ्यावरील कोणत्याही तांडेलाला ते पंचांगाइतके स्वाभाविक वाटले असते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्र बंद होतो. नौका ओढून किनाऱ्यावर घेतल्याच पाहिजेत. म्हणजे वर्षाकाठी काही महिने प्रत्येक नौका आपोआपच कोरड्या जमिनीवर येते. ज्या समुद्रावर वर्षभर प्रवास चालतो तेथील नौकेची गोष्ट निराळी आणि जेथे निसर्गच दरवर्षी दुरुस्तीची मुदत नेमून देतो तेथील निराळी. शिवण हे त्या मुदतीला धरून योजलेले तंत्र आहे.

मराठीत या व्यवहाराची खूण एका क्रियापदात राहिली आहे. कोकणात पावसाळ्यापूर्वी नौका किनाऱ्यावर घेऊन झाकून ठेवण्यास ‘शाकारणे’ म्हणतात. हेच क्रियापद घराचे छप्पर पावसासाठी नीट करून घेण्यासही वापरतात. ‘गळणे’ हेही घर व होडी या दोहोंना सारखेच लागू पडते. बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही वस्तू एकाच वर्गात आहेत : दोन्ही पाण्यापासून राखावयाच्या, दोन्ही दरवर्षी हाताखालून काढावयाच्या, आणि दोन्हींची गळती हा अपघात नसून एक वार्षिक काम आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या पावसाळी छावणीविषयी स्वतंत्र सूचना आहेत. ही छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, म्हणजे एकाच ठिकाणच्या रयतेस उपद्रव होणार नाही, असे त्यात सांगितले आहे. आरमारासाठी लाकूड कोणते तोडावे आणि रयतेची आंबा-फणसासारखी झाडे का तोडू नयेत, याचाही तेथेच विचार आहे. गळतीची दुरुस्ती हा राज्यकारभाराचा विषय केव्हा होतो, हे या दोन सूचना जोडून वाचल्या असता कळते : आरमार मोठे झाले की त्याच्या वार्षिक डागडुजीला गाव, बंदर व जंगल एवढे सर्व लागते.

आता लोखंड का नको, या प्रश्नाकडे वळता येईल. खिळ्याने जोडलेल्या फळीत पाणी शिरले म्हणजे खिळा गंजतो, गंजताना फुगतो, भोवतालचे लाकूड कुजवितो, आणि अखेरीस खिळा बारीक व भोक मोठे अशी स्थिती होते. बाहेरून खिळ्याचे डोके शाबूत दिसत असता आतील भाग नाहीसा झालेला असतो. गळतीच्या निदानाच्या दृष्टीने याहून वाईट अवस्था नाही. कारण दोष ज्या ठिकाणी आहे तेच ठिकाण निर्दोष दिसते. शिवणीचे तसे नाही. फळ्यांच्या कडांजवळ भोके पाडून, सांध्यावर आतून काथ्याची वळी बसवून, तिच्यावरून दोरी ओढून घेतात. भोके खुंट्या मारून अथवा राळ-चुन्याच्या लुकणाने बुजवितात. दोरी ओढली की वळी सांध्यात दबते. पाणी लागले की फुगून अधिक घट्ट बसते. दोरी कुजली तर ती डोळ्यांना दिसते, बोटाला मऊ लागते, आणि तेवढा भाग उसवून पुन्हा शिवता येतो. फळी मात्र तशीच राहते. खिळा उपटताना फाटते तशी फाटत नाही.

याचा अर्थ शिवलेली नौका गळत नव्हती असा नव्हे. ती अधिकच गळत असे, आणि जॉर्डानसने पाहिलेले डबके खरे आहे. मुद्दा एवढाच की ती गळती ठाऊक असलेली, मोजलेली आणि उपशाच्या आवाक्यातली होती. टिम सेव्हरिन यांनी १९८०-८१ मध्ये ओमानहून कँटनपर्यंत नेलेली ‘सोहार’ ही नौका काथ्याने शिवलेली होती. तिच्यासाठी मलबारचे लाकूड आणि लक्षद्वीपचे शिवणकामगार लागले होते. भारतीय नौदलाने २१ मे २०२५ रोजी कारवार येथे दाखल करून घेतलेली ‘कौंडिण्य’ ही शिवलेली नौका गोव्यात बांधली गेली. तिचा आकार अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील नौकेवरून घेतला असून काम केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केले. चौदाव्या शतकातील साक्षीदारांना जे तंत्र मरणोन्मुख वाटले असते ते सात शतकांनंतरही शिकविता व वापरता आले, ही गोष्ट त्यांच्या अभिप्रायाच्या पारड्यात उलट बाजूला ठेवली पाहिजे.

तेलाविषयी इब्न जुबैर याने दिलेली माहिती उतारूंच्या साक्षींत अपवादभूत आहे. ११८३ साली तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरात त्याने शिवलेल्या नौका पाहिल्या. त्यांचे लाकूड व काथ्या हिंदुस्थान आणि येमेन येथून येतो हे त्याने नोंदविले. आणि बांधून झाल्यावर नौकेला तूप, एरंडेल अथवा मुशीचे तेल चोपडतात, त्यांत मुशीचे तेल सर्वांत चांगले, असेही सांगितले. विशेष म्हणजे त्याने कारणही विचारलेले दिसते. या समुद्रात प्रवाळाचे खडक फार; तेल प्यालेले लाकूड नरम व लवचीक राहते, म्हणून ते खडकाला लागले तरी तडकत नाही. येथे प्रथमच एक लेखक गळती बुजविण्याविषयी नव्हे, तर ती होऊ नये म्हणून घेतलेल्या काळजीविषयी बोलतो आहे.

निदानाचा खरा प्रश्न कोणता? पाणी जेथे दिसते तेथून ते आलेले असतेच असे नाही. नाळेजवळच्या सांध्यातून शिरलेला पाझर फासळ्यांच्या मागून वाहत जाऊन नौकेच्या मध्यावर साचतो. उपसणारा मध्यावर शोधीत राहतो. यावरील जुना व सर्वत्र आढळणारा उपाय म्हणजे नौका जमिनीवर घेऊन उलट परीक्षा करणे : आत पाणी ओतावयाचे आणि ते बाहेर कोठे पाझरते ते पाहावयाचे. आतून गोंधळात टाकणारी वाट बाहेरून ओल्या रेघेच्या रूपाने स्पष्ट दिसते. पण ही परीक्षा घाईने करून भागत नाही. बरेच दिवस उन्हात राहिलेली होडी पाणी घालताच सर्व सांध्यांतून गळते. फळ्या पाणी पिऊन फुगल्यावर त्यांतील बहुतेक सांधे आपोआप मिटतात. मिटल्यावरही जो गळतो तोच खरा दोष. नवशिका पहिल्याच तासात सगळीकडे लुकण भरत सुटतो, आणि पुढे लाकूड फुगले की तेच लुकण फळ्यांना जागा न राहू देता सांधे उचकटते.

मार्को पोलोला चिनी जहाजांत निदानाची एक निराळी रीत दिसली. त्यांच्या पोटात भक्कम आडव्या भिंती घालून तेरापर्यंत कप्पे केलेले असत. एखादा कप्पा फुटला तर पाणी तेवढ्यातच राही. खलाशी त्यातील माल दुसऱ्या कप्प्यांत हलवून ठिकाण शोधीत व दुरुस्त करीत. दोषाचा शोध घेण्यापूर्वीच त्याचे क्षेत्र मर्यादित करून ठेवण्याची ही युक्ती यूरोपीय जहाजबांधणीने पुष्कळ उशिरा आत्मसात केली.

पोर्तुगीजांच्या आगमनाने पश्चिम किनाऱ्यावर खिळ्यांची जोडणी व सांध्यांत वाती ठोकण्याची पद्धत यांचा प्रसार वाढला, असे सामान्यतः मानतात. ते पोर्तुगीजही आपल्या गळतीच्या नौका घेऊनच आले होते. १४९८ च्या अखेरीस, कालिकतहून परतताना, वास्को द गामाने कारवारजवळील अंजदीव बेटावर आपली जहाजे किनाऱ्यास घेऊन त्यांचे तळ साफ करून घेतले. मोसमी समुद्राचा वार्षिक नियम त्यालाही चुकला नाही.

या संपर्काची भाषिक नोंद मोठी उद्बोधक आहे. सांध्यांत सुताची वा तागाची वात ठोकून वरून राळ भरण्याच्या कामाला पोर्तुगीजमध्ये ‘कालाफेतार’ आणि ते करणाऱ्याला ‘कालाफात’ म्हणतात. लस्करांच्या हिंदुस्थानीत याचीच ‘कालापत्ती’, ‘कलपत्ती’ अशी रूपे झाली. उच्चारात सोय करून घेताना अर्थाचीही सोय झाली : डांबराने भरलेला सांधा ही खरोखरच काळी पट्टी दिसते, आणि परका शब्द घरचाच वाटू लागतो. लोकव्युत्पत्तीचे याहून नेटके उदाहरण सापडणे कठीण. परंतु पोर्तुगीज शब्दही मूळचा त्यांचा नव्हे. अरबीत ‘कल्फत’ आहे, बायझंटाइन ग्रीकमध्ये ‘कलाफातेस’ आहे; कोणी कोणाकडून घेतला याविषयी एकमत नाही. १०४१-४२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर आलेला पाचवा मायकेल याला ‘कलाफातेस’ हेच टोपणनाव होते, कारण त्याच्या घराण्याचा धंदा तो असल्याचे सांगत. जहाजाची भेग बुजविणाऱ्याचा मुलगा सम्राट झाला तरी लोक तो शब्द विसरले नाहीत.

याच्या उलट दिशेने दुसरा शब्द गेला. मल्याळममधील ‘कयर्’, म्हणजे दोर, पोर्तुगीजांनी ‘काइरु’ म्हणून उचलला, आणि त्यांच्यामार्फत तो इंग्रजीत ‘कॉयर’ झाला. हिंदी-पोर्तुगीज शब्दविनिमयाचा पाया घालणारे गोव्याचे सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी १९१३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून असे शब्द एकत्र पाहता येऊ लागले आहेत. या दोन शब्दांची देवघेव शेजारी ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. खिळ्यांची नौका बांधणाऱ्यांनी शिवणाऱ्यांना आपली क्रिया दिली, आणि शिवणाऱ्यांकडून साहित्य घेतले. जिंकणारा व जिंकलेला असा हा व्यवहार नाही. हे शब्द दरबारांतून वा ग्रंथांतून पसरलेले नाहीत. एका फळीच्या दोन बाजूंना बसलेल्या दोन कारागिरांच्या तोंडून ते पसरले.

सुरतेच्या सुतारांनी मात्र वात ठोकण्याचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडविला होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे आलेला डच आरमारी अधिकारी स्टाव्होरिनस याने त्यांच्या पद्धतीचे जे वर्णन केले आहे ते उतारूचे नसून जाणकाराचे आहे, म्हणून त्याचे मोल मोठे. यूरोपात फळ्यांच्या सपाट कडा एकमेकींस लावून मधल्या फटीत वात भरीत. सुरतेस फळीच्या कडेला खाच काढून दुसरी फळी तीत बसवीत. बसविण्यापूर्वी आधीच्या फळीच्या कडेला शेंदूर फासावयाचा, दुसरी तिच्यावर दाबून उचलावयाची, आणि जेथे शेंदूर लागला तो उंचवटा समजून तासावयाचा. सर्व कडेला सारखा शेंदूर लागेपर्यंत हा क्रम चाले. मग दोन्ही कडांना एक चिकट लुकण लावून, त्यावर सावरीच्या कापसाचा पातळ थर देऊन फळ्या खुंट्यांनी जखडीत. लुकण काळाने लोखंडासारखे कठीण होई व सांधा दिसेनासा होई.

शेंदराच्या या उपयोगाकडे केवळ सुतारकामातील हुशारी म्हणून पाहणे पुरेसे नाही. गळतीचे निदान येथे नौका पाण्यात जाण्यापूर्वीच होते. उद्या पाणी ज्या वाटेने येणार ती वाट आज रंगाने दाखविली जाते. हे काम फार वेळखाऊ असल्याचे स्टाव्होरिनसनेही नमूद केले आहे. मजुरी स्वस्त होती म्हणून ते परवडत असे, हे स्पष्टीकरण काही अंशी खरे असेल. पण सागवान महाग व दुर्मीळ होत चालले असता प्रत्येक फळी शंभर वर्षे टिकविण्याचा हिशेबही त्यात असला पाहिजे. १७३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले तेव्हा ही सुरतेची परंपराच मुंबईस आली. त्यांच्या वंशजांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईस पाण्यात उतरले आणि दोन शतके उलटून गेल्यावरही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगत आहे. त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेय सागवानाला देण्याची प्रथा आहे, व सागवानातील तेल खिळ्यांना जपते, ओकमधील आम्ल त्यांना खाते, हे खरेच आहे. पण लाकडाचे कौतुक करताना सांधा विसरला जातो.

यूरोपात त्याच सुमारास गळतीची एक नवीनच तऱ्हा उद्भवली होती. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून बचाव व्हावा म्हणून इंग्रज नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. दोन वर्षांनी परीक्षा केली असता लाकूड उत्तम राहिले होते. पण तांब्याला चिकटून असलेले लोखंडी खिळे झिजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. तपासणाऱ्यांच्या लक्षात आले, की पत्रा ज्या खाकी कागदात गुंडाळून आला होता तो कागद त्या खिळ्यांजवळ चुकून मध्ये राहिला होता. विजेच्या घटाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, दोन धातूंना खारे पाणी जोडते तेव्हा त्यांतील एक खाल्ला जातो, हे एका विसरलेल्या कागदाने दाखवून दिले. तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट सर्रास वापरात येण्यास मात्र १७८० चे दशक उजाडावे लागले. दुरुस्तीची घाई किती महाग पडते याचे उदाहरणही याच काळातले आहे : २९ ऑगस्ट १७८२ रोजी स्पिटहेड येथे ‘रॉयल जॉर्ज’ हे जहाज पाण्याच्या पातळीखालील एका नळाच्या कामासाठी मुद्दाम एका बाजूस कलते केले असता खालच्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरून उलटले, आणि आठशेंहून अधिक माणसे बुडाली.

वाफेच्या यंत्राने गळतीचे ठिकाणच बदलले. पंखा पाण्यात आणि यंत्र जहाजात, म्हणून दोहोंना जोडणारा दांडा जहाजाच्या अंगातून बाहेर काढणे प्राप्त झाले. सांध्यांची गळती बुजविण्यात हजारो वर्षे घालविलेल्या धंद्यात आता जहाजाला हेतुपुरस्सर भोक पाडावे लागले. आणि त्या भोकात दांडा सतत फिरणार. धातूच्या आधारकड्या झिजून जात. जॉन पेन याने १८५४ मध्ये त्यांच्या जागी लिग्नम व्हायटी या अत्यंत कठीण व तेलकट लाकडाच्या पट्ट्या बसविल्या, आणि त्यांना वंगण म्हणून समुद्राचेच पाणी दिले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८५५ मध्ये, क्रिमियाच्या युद्धावरून परतणाऱ्या ‘रॉयल अल्बर्ट’ या मोठ्या जहाजात याच दांड्याभोवतून पाणी शिरू लागले आणि त्याला ग्रीसजवळच्या झिआ बेटाच्या किनाऱ्यावर चढवावे लागले.

दांडा जेथे जहाजात प्रवेश करतो तेथे पाणी अडविण्यासाठी एक पेटी करून तीत चरबी लावलेल्या तागाचा दोर गुंडाळीत व वरून आवळीत. काथ्याची वळी आणि मुशीचे तेल यांचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी लागेल. या पेटीचा नियम असा, की ती थोडी ठिबकलीच पाहिजे. अगदी कोरडी आवळली तर दोर जळतो व दांडा खरवडतो. म्हणजे नियमित ठिबक हे यंत्र निरोगी असल्याचे चिन्ह, आणि ती वाढली वा थांबली की काहीतरी बिघडले. जॉर्डानसच्या नौकेतील उपसणारा माणूस हाच हिशेब आपल्या घोट्यापर्यंतच्या पाण्यावरून करीत असे.

एका-दोघांनी चालवावयाची, मोटारसायकलीसारखी स्वार होण्याची जलवाहने, ज्यांना सर्वत्र जेट-स्की म्हटले जाते, त्यांत हा प्रश्न अखेरच्या टोकाला गेलेला आढळतो. अमेरिकेतील क्लेटन जेकबसन याने १९६० च्या दशकात ही कल्पना विकसित केली. बाँबार्डियर कंपनीने १९६८ मध्ये ‘सी-डू’ व कावासाकीने १९७३ मध्ये ‘जेट स्की’ बाजारात आणली. यांत फळी नाही, सांधा जवळजवळ नाही. काचतंतूचे बंदिस्त कवच असते. दांडा मागील बोगद्यातील पंपाकडे जातो तेथे काही बनावटींत कार्बनची कडी रबरी भात्याच्या दाबाने फिरत्या पोलादी चकतीवर टेकलेली असते. ती ठिबकत नाही, ठिबकूही नये. त्यामुळे ती बिघडत असल्याची पूर्वसूचना देणारे दैनंदिन चिन्ह उरत नाही. भाता चिरला वा कडी झिजली की पाणी एकदम येते, आणि बैठक उचलल्याशिवाय ते कोणाला दिसत नाही.

निदानाची रीत मात्र जुनीच लागू पडते, फक्त प्रसंग वाटून घ्यावे लागतात. वाहन जमिनीवर ठेवून नळाचे पाणी जोडून यंत्र थोडा वेळ चालविले असता आत पाणी साचले, तर दोष थंडाव्याच्या अथवा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांत आहे. जमिनीवर कोरडे, पण पाण्यात नुसते उभे केले असता भरते, तर मागील निचऱ्याची बुचे, कवचावरील तडा अथवा दांड्याची कडी यांकडे पाहावयाचे. उभे असता कोरडे आणि वेगात भरते, तर पंपाच्या बसणीकडे व पुन्हा कडीकडे. आणि तरीही ठिकाण सापडले नाही तर कवचात गोडे पाणी ओतून ते बाहेर कोठे पाझरते ते पाहावयाचे, म्हणजे कोकणातील होडीवाल्याने केले असते तेच करावयाचे. आतील पाणी बाहेर काढण्यासाठी पुष्कळ बनावटींत जी नळी बसविलेली असते ती पंपाच्या प्रवाहाने पाणी ओढते. म्हणजे वाहन धावत असेल तोवरच ती उपसते. गळती असलेले वाहन दिवसभर निर्दोष वाटते आणि संध्याकाळी धक्क्याला बांधल्यावर भरू लागते. त्या वेळी त्यात उपसणारा कोणीच नसतो.

मालवण, तारकर्ली व गोव्याच्या किनाऱ्यांवर ही वाहने आता नेहमीची झाली आहेत. पावसाळा आला की तीही वाळूवर ओढून झाकून ठेवावी लागतात.